काविळीची अँटीबॉडी राखण करते, मग एचआयव्हीची का करत नाही?

जळगावला डीएमएलटी (प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा डिप्लोमा) करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "हिपॅटायटिस बीची लस घेतल्यावर रक्तात अँटीबॉडी दिसली की आपण म्हणतो, हा माणूस सुरक्षित. एचआयव्हीची अँटीबॉडी दिसली की म्हणतो, हा बाधित. दोन्हीकडे अँटीबॉडीच, मग अर्थ उलटा का? एचआयव्हीच्या अँटीबॉडी विषाणूला काहीच करत नाहीत का? आणि आता अँटीबॉडीचं सलाईन लावून उपचार करतात म्हणे, ते काय आहे?"

अँटीबॉडी सापडली, एवढ्यावरून ती राखण करते की नाही हे ठरत नाही. ती विषाणूच्या कोणत्या प्रथिनाला धरते, त्या प्रथिनावर नेमकी कुठे बसते आणि संसर्गाच्या आधीपासून होती की नंतर झाली, हे पाहावं लागतं. तुमच्याच काविळीच्या उदाहरणात हे दिसतं. हिपॅटायटिस बीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाविरुद्धची अँटीबॉडी, म्हणजे अँटी-एचबीएस, मिलिलिटरला १० एमआययू किंवा त्याहून जास्त असली की संरक्षण आहे असं धरतात. त्याच विषाणूच्या गाभ्यातल्या प्रथिनाविरुद्धची अँटी-एचबीसी मात्र कितीही असली तरी संरक्षण देत नाही. विषाणू कधीतरी अंगात शिरला होता, एवढंच ती सांगते. जुनाट कावीळ असलेल्या रुग्णातही ती भरपूर सापडते. एचआयव्हीच्या किटवर आपण जी रेघ वाचतो, ती बहुतांशी या दुसऱ्या जातीच्या अँटीबॉडीची असते.

का, ते कळायला विषाणूचा कण डोळ्यासमोर आणा. बाहेरून आवरण, तेही आपल्याच पेशीच्या पडद्यातून फाडून आणलेलं. त्याच्या आत पी १७ प्रथिनाचं अस्तर. मधोमध पी २४ प्रथिनाची शंकूसारखी कुपी आणि कुपीत आरएनएचे दोन धागे, सोबत रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (पी ६६, पी ५१) आणि इंटिग्रेज (पी ३१) ही विकरं. आवरणातून बाहेर डोकावणारं विषाणूचं स्वतःचं प्रथिन एकच, जीपी १६०. त्याचे दोन तुकडे होतात: जीपी १२० हे वरचं बोंड आणि जीपी ४१ हा पडद्यात रुतलेला देठ. अशा तीन जोड्या एकत्र येऊन एक खुंटी होते. विषाणू याच खुंटीने पेशीवरच्या सीडी ४ या प्रथिनाला आणि मग सीसीआर ५ किंवा सीएक्ससीआर ४ या प्रथिनाला पकडून आत शिरतो. त्याला दारातच अडवायचं तर अँटीबॉडीला ही खुंटीच धरावी लागेल, दुसरी जागाच नाही. पी २४, पी १७, पी ३१, पी ६६ यांच्याविरुद्धच्या अँटीबॉडी रक्तात ढिगाने असल्या तरी अखंड कणात ही प्रथिनं आत असतात आणि अँटीबॉडी पडदा ओलांडून आत जात नाही.

वेस्टर्न ब्लॉट या अँटीबॉडीच्या चाचणीची पट्टी पाहायला मिळाली तर हे एका नजरेत कळेल. जुना संसर्ग असलेल्या माणसाच्या पट्टीवर वरपासून खालपर्यंत रेघा असतात: १६०, १२०, ६६, ५१, ४१, ३१, २४, १७. प्रत्येक रेघ म्हणजे एकेका प्रथिनाविरुद्धची अँटीबॉडी. पट्टी भरलेली आणि तरीही रक्तात विषाणू लाखांनी. (आजार फार पुढे गेला की पी २४ ची रेघ फिकी होत जाते, कारण अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना मदत करणाऱ्या सीडी ४ पेशीच संपत आलेल्या असतात.)

इथे एक विरोधाभास सांगण्यासारखा आहे. ज्या पी २४ ला अँटीबॉडी काही करू शकत नाही, त्याच पी २४ च्या कुपीवर लेनाकापाविर हे नवं औषध काम करतं. त्याचा रेणू इतका लहान आहे की तो पेशीच्या आत जातो आणि कुपीची घडण बिघडवतो. वर्षातून दोनदा कातडीखाली टोचायचं हे औषध प्रतिबंधासाठी वापरायला अमेरिकेत जून २०२५ मध्ये परवानगी मिळाली. कोणी त्याला 'सहा महिन्यांची लस' म्हटलं तर दुरुस्त करा. ते औषध आहे, त्याने अँटीबॉडी तयार होत नाही.

आता वेळेचा हिशोब. संसर्गानंतर साधारण १० ते १२ दिवसांनी रक्तात विषाणूचा आरएनए सापडू लागतो. पुढच्या आठवड्याभरात पी २४ अँटीजन, म्हणजे खुद्द विषाणूचं ते प्रथिन, सापडतं. अँटीबॉडी साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागते, आणि सगळ्यात आधी येते ती जीपी ४१ विरुद्धची. जीपी १२० विरुद्धची त्यानंतर काही आठवड्यांनी. या पहिल्या अँटीबॉडी विषाणूला अडवत नाहीत, कारण त्या जीपी ४१ च्या ज्या भागाला धरतात तो भाग अखंड खुंटीत जीपी १२० खाली झाकलेला असतो. विषाणूच्या बऱ्याच खुंट्या मोडक्या असतात. वरचं बोंड गळून पडतं आणि नुसता देठ उरतो. आपली प्रतिकारयंत्रणा आधी हे मोडके देठ आणि रक्तात सुटी तरंगणारी बोंडं पाहते आणि त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवते. ज्या कणाची खुंटी शाबूत आहे, तोच पेशीत शिरतो, आणि त्या खुंटीला या अँटीबॉडी लागू पडत नाहीत.

किट बनवणाऱ्यांना मात्र नेमका हाच भाग सोयीचा. जीपी ४१ चा तो तुकडा सगळ्या उपप्रकारांत जवळपास सारखा असतो, त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी लवकर येते, जवळजवळ प्रत्येकात येते आणि आयुष्यभर टिकते. म्हणून किटच्या पट्टीवर जीपी ४१ चा कृत्रिम तुकडा लावतात, एचआयव्ही-२ साठी जीपी ३६ चा. निदानाला उत्तम, पण संरक्षणाला उपयोग नाही.

विषाणूला खरोखर निकामी करणाऱ्या, म्हणजे न्यूट्रलायझिंग अँटीबॉडीही तयार होतात, पण उशिरा. संसर्गानंतर काही महिन्यांनी त्या माणसाच्या स्वतःच्या विषाणूला रोखणारी अँटीबॉडी दिसू लागते. तोवर विषाणू पुढे गेलेला असतो. उपचार नसलेल्या माणसात रोज सुमारे १ हजार कोटी नवे कण तयार होतात. विषाणूचा जनुकीय धागा सुमारे ९,७०० अक्षरांचा आणि नक्कल करणारं विकर चुका तपासत नाही, त्यामुळे दर तीन नकलांमागे साधारण एक बदल होतो. इतक्या प्रचंड संख्येत अँटीबॉडीची पकड चुकवणारे काही कण आधीच तयार असतात. अँटीबॉडी जुन्यांना मारते आणि नव्यांना रान मोकळं होतं. आजच्या रक्तातल्या अँटीबॉडीने सहा महिन्यांपूर्वीचा विषाणू अडतो, आजचा अडत नाही, असं प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. म्हणजे अँटीबॉडीचा विषाणूवर परिणाम होतो, चांगलाच होतो. पण तो विषाणूला बदलायला भाग पाडण्यापुरताच उरतो.

बदलाशिवाय विषाणूकडे आणखी दोन आडोसे आहेत. पहिला साखरेचा. जीपी १२० च्या वजनाचा जवळपास निम्मा भाग साखरेच्या साखळ्यांचा असतो, आणि त्या साखळ्या आपल्याच पेशीने चढवलेल्या असतात. रावेर-यावलकडे केळीच्या घडाला पिशवी चढवतात तशी ही खुंटी झाकलेली असते. फरक एवढाच की ही पिशवी आपल्याच घरच्या कापडाची आहे, म्हणून प्रतिकारयंत्रणेला ती परकी वाटत नाही. एखादी अँटीबॉडी फटीतून घुसायला शिकली की विषाणू एखादी साखळी सरकवून ती फटही बंद करतो.

दुसरा आडोसा खुंट्यांच्या संख्येचा. एचआयव्हीच्या एका कणावर सरासरी १४ च्या आसपास खुंट्या असतात, फ्लूच्या कणावर शेकड्यांनी. अँटीबॉडीला दोन हात असतात. फ्लूवर ती दोन्ही हातांनी शेजारच्या दोन खुंट्या पकडते आणि पकड घट्ट होते. एचआयव्हीवर दुसरा हात पोहोचेल एवढ्या अंतरावर बहुधा दुसरी खुंटीच नसते. एका हाताची पकड सैल, आणि खुंटी किंचित बदलली की तीही सुटते.

न्यूट्रलायझेशन सोडून अँटीबॉडीचं दुसरंही एक काम आहे, आणि पुस्तकात ते दोन ओळींत उरकलेलं असतं. बाधित पेशीतून नवे कण बाहेर पडताना पेशीच्या पृष्ठभागावर जीपी १२० उमटतं. अँटीबॉडी त्याला चिकटते, तिची शेपटी म्हणजे एफसी भाग बाहेर राहतो, एनके पेशी (बाधित पेशी मारणारी आपली पांढरी पेशी) त्या शेपटीला आपल्यावरच्या सीडी १६ या प्रथिनाने पकडते आणि बाधित पेशीला मारते. याला एडीसीसी म्हणतात. या कामासाठी अँटीबॉडीने विषाणूला दारात अडवलंच पाहिजे असं नाही, त्यामुळे न्यूट्रलायझिंग नसलेल्या अँटीबॉडीही इथे उपयोगी पडू शकतात. विषाणूने यावरही उपाय काढलेला आहे. त्याची नेफ आणि व्हीपीयू ही प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावरून सीडी ४ खाली खेचून काढतात. सीडी ४ तिथे राहिलं असतं तर जीपी १२० त्याला चिकटून उघडलं असतं आणि त्याच्या आतल्या जागा अँटीबॉडीला दिसल्या असत्या. सीडी ४ काढून घेतलं की खुंटी मिटलेली राहते.

एडीसीसीला महत्त्व आलं ते थायलंडच्या आरव्ही १४४ चाचणीमुळे. १६ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या या लसचाचणीचा निकाल २००९ मध्ये आला: संसर्गाचं प्रमाण ३१.२ टक्क्यांनी कमी. तोवर नुसत्या जीपी १२० ची लस २००३ मध्ये अपयशी ठरलेली होती, त्यामुळे हा आकडा लहान असूनही सगळे चकित झाले. पुढे रक्त तपासल्यावर दिसलं की जीपी १२० च्या व्ही १-व्ही २ या भागाविरुद्ध आयजीजी या जातीच्या अँटीबॉडी जास्त असणाऱ्यांना संसर्ग कमी झाला होता. आणि खुंटीविरुद्ध आयजीए या दुसऱ्या जातीच्या अँटीबॉडी जास्त असणाऱ्यांना लसीचा फायदा कमी झालेला दिसला. त्याचं एक स्पष्टीकरण असं: आयजीए त्याच जागेवर बसून आयजीजीला बसू देत नाही आणि एनके पेशीला पकडायला तिची शेपटी चालत नाही. एकाच प्रथिनाविरुद्धच्या दोन अँटीबॉडी, एक मदत करणारी आणि दुसरी तिची जागा अडवणारी. तुमच्या प्रश्नातलं 'अर्थ उलटा का' इथे एकाच विषाणूच्या बाबतीत घडताना दिसतं. पुढे दक्षिण आफ्रिकेत याच धर्तीवर केलेली एचव्हीटीएन ७०२ चाचणी फायदा न दिसल्याने २०२० मध्ये थांबवावी लागली, हेही लक्षात ठेवा.

अँटीबॉडीमुळे संसर्ग वाढतो का, हा प्रश्न डेंग्यूमुळे लोकांच्या मनात असतो. डेंग्यूत एका प्रकाराविरुद्धची अँटीबॉडी दुसऱ्या प्रकाराला पेशीत शिरायला मदत करते आणि आजार गंभीर होऊ शकतो. एचआयव्हीत असं काचेच्या भांड्यात दिसलेलं आहे: काही अँटीबॉडी आणि कॉम्प्लिमेंट ही रक्तातली प्रतिकाराची प्रथिनं मिळून विषाणूला पेशीपर्यंत पोहोचवतात. माणसात त्यामुळे आजार बळावतो असं सिद्ध झालेलं नाही. लिम्फ गाठींमध्ये मात्र अँटीबॉडी आणि कॉम्प्लिमेंटने मढलेले कण फॉलिक्युलर डेंड्रायटिक पेशींवर अडकून राहतात आणि तिथून शेजारच्या सीडी ४ पेशींना बाधा करू शकतात.

आता सलाईनचं. बाधितांपैकी थोड्या लोकांत दोन-चार वर्षांनी अशी अँटीबॉडी तयार होते जी जगातल्या अनेक वेगवेगळ्या एचआयव्हींना निकामी करते. तिला ब्रॉडली न्यूट्रलायझिंग अँटीबॉडी म्हणतात. ती साखरेच्या फटीतून सीडी ४ बसण्याच्या जागेला, किंवा साखळीसकट जीपी १२० च्या व्ही ३ या भागाच्या बुडाला, किंवा पडद्यालगतच्या देठाला धरते, म्हणजे जिथे बदल केला तर विषाणूचंच नुकसान होतं अशा जागांना. या अँटीबॉडी दुर्मिळ का? एक तर त्या बनायला बी पेशीत फार बदल साठावे लागतात. २०१० मध्ये वेगळ्या केलेल्या व्हीआरसी ०१ या अशा अँटीबॉडीच्या जड प्रथिन-साखळीच्या जनुकात ३० टक्क्यांहून जास्त बदल आहेत, साध्या अँटीबॉडीत ५ ते १० टक्के पुरतात. दुसरं म्हणजे २एफ५ आणि ४ई१० सारख्या काही अँटीबॉडी आपल्याच पेशींच्या मेदद्रव्यांनाही चिकटतात, आणि असल्या बी पेशी शरीर वाढू देत नाही.

व्हीआरसी ०१ आधीच टोचून संसर्ग टळतो का, हे एएमपी चाचण्यांत पाहिलं. ४,६०० हून अधिक लोक, दर ८ आठवड्यांनी एक सलाईन, एकूण १०. मात्रा किलोमागे १० किंवा ३० मिलिग्रॅम. निकाल २०२१ मध्ये आला. एकूण संसर्ग लक्षणीय कमी झाला नाही. पण विषाणू या अँटीबॉडीला संवेदनशील असेल तिथे संसर्ग सुमारे ७५ टक्क्यांनी कमी होता. अडचण अशी की त्या भागांत फिरणाऱ्या विषाणूंपैकी असे जेमतेम ३० टक्के होते. माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातला हा सर्वात उपयोगी निकाल आहे, कारण योग्य जागा धरणारी अँटीबॉडी आधीपासून पुरेशी असेल तर माणसात एचआयव्ही अडतो हे त्याने दाखवलं. एकाच अँटीबॉडीवर भिस्त ठेवली तर विषाणू निसटतो, हेही त्यानेच दाखवलं.

बाधित लोकांवरही प्रयोग झाले आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३बीएनसी११७ आणि १०-१०७४ या दोन अँटीबॉडी किलोमागे ३० मिलिग्रॅम प्रत्येकी, तीन वेळा दिल्या आणि गोळ्या थांबवल्या. ज्या ९ जणांचा विषाणू दोन्हींना संवेदनशील होता, त्यांच्यात विषाणू दबून राहण्याचा मध्यक काळ २१ आठवडे होता. अँटीबॉडी न देता गोळ्या थांबवल्या की विषाणू दोन-तीन आठवड्यांतच परततो. पण मात्रेचा हिशोब करा: ६० किलोच्या माणसाला एका वेळी प्रत्येकी १,८०० मिलिग्रॅम, शिरेतून. त्यापुढे आपल्या एआरटी (एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या) केंद्रातून फुकट मिळणारी टीएलडीची रोजची एक गोळी ठेवा: टेनोफोविर ३००, लॅमिव्ह्युडीन ३००, डोल्युटेग्रेविर ५० मिलिग्रॅम. आज धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या रुग्णासाठी गोळीच उपचार आहे. 'अँटीबॉडीचं सलाईन लावून एचआयव्ही घालवतो' असं कोणी सांगत असेल तर पैसे देऊ नका. औषधांच्या नियमांतल्या अनुसूची 'जे' मध्ये एड्सचं नाव आहे, आणि त्या यादीतला आजार बरा करण्याचा दावा कोणत्याही औषधावर करता येत नाही.

भारतासाठी एक वेगळी गोष्ट. आपल्याकडे बहुतांश संसर्ग एचआयव्ही-१ च्या सी उपप्रकाराचे आहेत. सुरुवातीच्या काळातली २एफ५ ज्या तुकड्याला धरते त्यात लायसीन हे अमिनो आम्ल लागतं, सी उपप्रकारात तिथे बहुधा सेरीन असतं, म्हणून ती इथे निरुपयोगी. २जी१२ या दुसऱ्या अँटीबॉडीला लागणारी साखरेची साखळीही सी मध्ये बहुधा नसते. त्यामुळे परदेशात चाललेली अँटीबॉडी इथे चालेलच असं नाही, ती आपल्याकडच्या विषाणूंवर तपासूनच घ्यावी लागते. दिल्लीच्या एम्समध्ये सी उपप्रकाराने बाधित एका मुलाच्या रक्तातून एआयआयएमएस-पी०१ ही अँटीबॉडी वेगळी केली आहे, ती या दृष्टीने मोलाची.

आणि सगळ्यात चांगली अँटीबॉडीही जिथे हतबल होते ती जागा म्हणजे साठा. विषाणूचा डीएनए सुस्त सीडी ४ पेशींच्या गुणसूत्रात शिरून बसतो. अशी पेशी विषाणूचं एकही प्रथिन पृष्ठभागावर आणत नाही, मग अँटीबॉडी धरणार काय? माकडांवरच्या प्रयोगात संसर्गाच्या तिसऱ्या दिवशी औषध सुरू करूनही ते थांबवल्यावर विषाणू परत आला. अँटीबॉडी तिसऱ्या आठवड्यात येते, साठा त्याच्या कितीतरी आधी तयार झालेला असतो. काविळीची लस आधी घेतलेली असते आणि एचआयव्हीची अँटीबॉडी नंतर येते, हा तुमच्या प्रश्नातला मोठा फरक इथे आहे.

आता तुमच्या टेबलावर याचा अर्थ काय, ते.

गोळ्यांवर असलेला माणूस वर्षभराने येऊन विचारतो, "मना रिपोर्ट कव्हय निगेटिव्ह येई?" त्याला नीट सांगा की अँटीबॉडीची चाचणी निगेटिव्ह होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. उपचार चालतो की नाही हे व्हायरल लोडवर, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणावर, कळतं, उपचार सुरू केल्यावर ६ आणि १२ महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा. उलट फार लवकर गोळ्या सुरू झालेल्या एखाद्यात अँटीबॉडी इतकी कमी बनते की किटवर रेघ फिकी येते किंवा येतच नाही. तो बरा झालेला नसतो, गोळ्या सोडल्या की विषाणू परततो. म्हणून निदान पक्कं झालेल्या माणसाचं किट पुन्हा लावायचं नाही, कितीही आग्रह केला तरी.

सुई टोचल्यावर किंवा दुसऱ्या धोक्यानंतर पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह आलेल्या किटला अर्थ नाही. ते फक्त आधीची स्थिती सांगतं. प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितक्या चांगल्या, २८ दिवस. त्यानंतरची तपासणी सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी चुकवू नका, कारण गोळ्यांमुळे अँटीबॉडी यायला उशीर होऊ शकतो. आणि तपासणी फुकट होते म्हणून रक्तदान करणाऱ्याला थांबवा. अँटीबॉडी यायच्या आधीच्या त्या दिवसांत रक्तात विषाणू सर्वात जास्त असतो.

बाळाच्या बाबतीत चूक सर्वात जास्त होते. आईची आयजीजी वारेतून बाळात जाते आणि १८ महिन्यांपर्यंत राहू शकते, त्यामुळे तोवर किटवर रेघ आली तरी बाळ बाधित असेलच असं नाही. या अँटीबॉडी बाळाला राखतही नाहीत, राखतात त्या आईच्या गोळ्या आणि बाळाला जन्मापासून किमान सहा आठवडे दिलेलं औषध. निदान पीसीआरने (विषाणूचा जनुकीय धागाच शोधणाऱ्या चाचणीने), सहाव्या आठवड्यात, टाचेतल्या रक्ताच्या वाळवलेल्या थेंबांवर. धडगाव-अक्कलकुव्यातून दिवाळीनंतर कुटुंबं उसतोडीला निघतात आणि नेमकी ही तारीख हुकते, म्हणून निघण्याआधी आईला तारीख आणि जिथे जाणार त्या भागातलं केंद्र लिहून द्या. थेंब घ्यायच्या कार्डावर पाचही वर्तुळं एकेका मोठ्या थेंबाने भरा, थेंबावर थेंब टाकू नका. कार्ड किमान चार तास आडवं, सावलीत वाळवा. उन्हात नाही, पंख्याच्या धुळीतही नाही. ओलं कार्ड पिशवीत घातलं तर नमुना बाद होतो आणि ते कुटुंब तोवर दोनशे किलोमीटर दूर गेलेलं असतं. नीट वाळलेलं कार्ड बर्फाशिवाय पाठवता येतं, ही त्याची मोठी सोय.

आकड्यांचाही एक हिशोब करून ठेवा. देशात प्रौढांमधलं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. १०,००० सर्वसाधारण लोकांत बाधित २०. किटची विशिष्टता, म्हणजे बाधित नसलेल्याला निगेटिव्ह दाखवण्याचं प्रमाण, ९९.५ टक्के धरली तर उरलेल्या ९,९८० मध्ये सुमारे ५० जणांत खोटी रेघ येईल. म्हणजे एका किटवर रेघ आलेल्या ७० पैकी खरे २०. म्हणून वेगवेगळ्या अँटीजनची तीन किट लागतात. पहिल्या किटवर थांबून कोणाला 'पॉझिटिव्ह' सांगणं म्हणजे एखाद्या गरोदर ताईचा संसार विनाकारण मोडणं.

शेवटी किटबद्दल. बहुतेक रॅपिड किट ३० अंशांपर्यंत ठेवायची असतात, आणि मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. उन्हात उभ्या जीपमध्ये दुपारभर राहिलेलं खोकं वापरू नका. पट्टीवरचं प्रथिन उष्णतेने बिघडतं, पण नियंत्रण रेघ तरीही उमटू शकते, कारण बऱ्याच किटमध्ये ती फक्त द्रव वाहत गेला एवढंच सांगते. काही किटमध्ये रक्त टाकायचं राहिलं तरी ती येते. म्हणून नवीन लॉट आला की माहीत असलेला एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह नमुना लावून पाहा. फ्रिजमधून काढलेलं पाकीट खोलीच्या तापमानाला आल्यावरच फोडा, नाहीतर पट्टीवर दव धरतं. किटच्या माहितीपत्रकात जितकी मिनिटं दिली आहेत त्या वेळेतच वाचा. तासाभराने दिसलेली रेघ वाळण्यामुळेही उमटते. आणि वेळेत दिसलेली रेघ कितीही फिकी असली तरी नोंदवहीत 'रिअॅक्टिव्ह'च लिहा आणि दुसरं किट लावा. ती खोटी असू शकते, किंवा ती तीन आठवड्यांपूर्वीच्या संसर्गाची पहिली जीपी ४१ ची अँटीबॉडी असू शकते. तिन्ही किटचे निकाल जुळले नाहीत तर 'अनिश्चित' म्हणून नोंदवा आणि त्या माणसाला दोन आठवड्यांनी पुन्हा बोलवा. खरा संसर्ग असेल तर तोवर रेघ गडद झालेली असेल.